चाळीस मिनिटं आणि अठराशे पावलं

कुत्रा पाळला की आपोआप व्यायाम होतो, असं सगळेच म्हणतात. तो नेमका कोणाचा होतो आणि किती होतो, यावर वाचकांनी भरभरून लिहिलं आहे. बरीच पत्रं वाचताना हसू आवरत नाही, पण प्रत्येकात एक खरी अडचण आहे. म्हणून यावेळचं सदर पूर्ण याच विषयाला दिलं आहे.

प्रश्न : रोज सकाळी चाळीस मिनिटं कुत्र्याला फिरवते. घड्याळ मात्र अठराशे पावलं दाखवतं! प्रत्येक खांब, प्रत्येक झुडूप, प्रत्येक गाडीचं चाक हुंगल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. हा व्यायाम धरायचा का?

उत्तर : तुमच्यासाठी थोडासा, त्याच्यासाठी पुष्कळ. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साठ लाखांच्या आसपास असतात. कुत्र्याच्या नाकात जातीनुसार दहा कोटींहून जास्त. त्या खांबावर रात्रीतून कोण येऊन गेलं, नर की मादी, ओळखीचं की नवखं, हे तो तिथे उभा राहून वाचत असतो. मनसोक्त हुंगू दिलेला कुत्रा घरी येऊन शांत झोपतो, ओढत नेलेला कुत्रा घरभर धिंगाणा घालतो. त्यामुळे हुंगणं बंद करू नका, त्याला वेगळी वेळ द्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे प्रौढ माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम हवा. मध्यम म्हणजे बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही इतका दम. चालण्याच्या भाषेत मिनिटाला साधारण १०० पावलं. पंधरा सेकंद मोजा, २५ पावलं भरली तर वेग बरोबर आहे. तुमच्या चाळीस मिनिटांत या वेगाने चार हजार पावलं व्हायला हवीत, म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ तुम्ही खांबापाशी उभ्या आहात. दिलासा एवढाच की, सलग दहा मिनिटं चाललं तरच मोजायचं, ही पूर्वीची अट २०२० मध्ये गेली. दोन खांबांमधलं भरभर चालणंही जमेस धरलं जातं.

फेरी अशी वाटून घ्या. पहिली दहा मिनिटं नाकाची : पट्टा सैल, तो नेईल तिकडे जायचं. बहुतेक कुत्र्यांचं शी-शू यातच उरकतं. मग पंधरा मिनिटं पायांची : पट्टा आखूड, भरभर, सरळ. पुन्हा पाच मिनिटं नाकाची, पुन्हा पंधरा पायांची. एकूण पाऊण तास, त्यात तुमची ३० मिनिटं. आठवड्यात पाच दिवस हे जमलं की १५० झाली.

वेळ बदलली हे कुत्र्याला कळायला दोन ठरावीक शब्द ठेवा. ‘हुंग’ म्हणाल तेव्हा पट्टा सैल सोडायचा, ‘चल’ म्हणाल तेव्हा आखूड धरायचा. घरात शब्द कोणतेही असोत, सगळ्यांनी तेच वापरायचे. पहिला आठवडा ‘चल’च्या वेळात दर वीस पावलांना वाटाण्याएवढा खाऊ तुमच्या गुडघ्यापाशी द्या, दुसऱ्या आठवड्यात चाळीस पावलांना, मग अधूनमधून. इथे एक चूक हमखास होते. ‘चल’ म्हटल्यावर त्याने ओढलं आणि आपण ‘बरं, एवढा एकच खांब’ म्हणून थांबलो, की ओढल्यावर खांब मिळतो हे तो शिकला. सवलत एकालाच : तो गोल फिरून पाठ वाकवू लागला तर थांबायचंच.

पाय आखूड असलेल्या किंवा चपट्या नाकाच्या कुत्र्याला पंधरा मिनिटं तुमच्या वेगाने दामटू नका. त्याच्यासाठी पाच-पाच मिनिटांचे तुकडे करा, आणि त्याला घरी सोडून उरलेलं तुम्ही एकट्या चाला.

प्रश्न : घड्याळ कधी फारच कमी पावलं दाखवतं, कधी उभ्या उभ्या वाढवतं. नातवाने ते कुत्र्याच्या गळ्यात बांधून पाहिलं तर आकडा भलताच पळाला.

उत्तर : मनगटावरचं घड्याळ हाताच्या झुलण्यावरून पावलं ओळखतं. पट्टा धरलेला हात झुलत नाही, म्हणून पावलं हरवतात. कुत्र्याने हिसके दिले की हिसक्यांचीही पावलं होतात. घड्याळ मोकळ्या हातावर बांधा किंवा फोन पॅन्टच्या खिशात ठेवा. कुत्र्याच्या गळ्यातल्या आकड्याला अर्थ नाही : ते यंत्र दोन पायांच्या चालीसाठी बनवलेलं आहे, आणि अंग झाडणं, खाजवणंही त्यात मोजलं जातं. नातवाला मात्र सोबत न्या, हिशेब ठेवायला तो उत्तम आहे.

प्रश्न : माझा व्यायाम फक्त उजव्या हाताचा होतो. कुत्रा २८ किलोचा, मी ५६. शेजारी म्हणतात, बोटीमागे पाण्यावर घसरत जातात तसं चाललं आहे. आता खांदा दुखू लागला आहे.

उत्तर : कुत्रा ओढतो याची दोन साधी कारणं आहेत. त्याची सुखाची चाल म्हणजे दुडकी चाल, आणि ती आपल्या चालण्याच्या जवळपास दुप्पट वेगाची असते. दुसरं, ओढण्याचं फळ मिळतं : ओढलं की झाड जवळ येतं. हट्टीपणा, वरचढपणा असं काही मनात आणू नका.

आधी सामान बदला. आपोआप गुंडाळला जाणारा लांब दोरीचा पट्टा बाजूला ठेवा. त्यात ताण कायम असतो, म्हणजे ताणलं की दोरी वाढते हा धडा तो दर पावलाला गिरवतो. शिवाय ती बारीक दोरी पायाला किंवा बोटाला गुंडाळली तर कातडी सोलवटते. दीड ते दोन मीटरचा साधा, रुंद, कापडी पट्टा घ्या आणि छातीवर पुढच्या बाजूला कडी असलेला हार्नेस, म्हणजे अंगावर चढवायचा पट्ट्यांचा साज. पाठीवरच्या कडीला पट्टा लावला की कुत्रा सगळं अंग लावून ओढू शकतो, बर्फावरच्या गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांना ताण मागेच जोडलेला असतो तो याचसाठी. पुढच्या कडीमुळे ओढताच त्याचं अंग तुमच्याकडे वळतं आणि जोर मोडतो. हार्नेस आणि छाती यांच्यामध्ये दोन बोटं सहज जायला हवीत. काखेत घासत असेल तर माप चुकलं आहे.

पट्टा धरण्याची पद्धत खांद्याइतकीच बोटांसाठी महत्त्वाची. हाताला वेढे देऊ नका, बोटं पट्ट्याच्या टोकाच्या फासात अडकवू नका. एका हिसक्यात बोटाचं हाड मोडतं. फास अंगठ्यावर घ्या, पट्टा तळहातात धरून मूठ मिटा, दुसरा हात पट्ट्याच्या मध्यावर. दोन्ही हात बेंबीच्या उंचीला, कोपर अंगाला लागून. मग हिसका खांद्याला न बसता कमरेला आणि पायांना बसतो, आणि ते जास्त ताकदीचे आहेत. मांजर दिसलं की गुडघे किंचित वाकवून एक पाय मागे.

आता शिकवणं. पहिले चार दिवस घरातच, पाच-पाच मिनिटं. तीन पावलं तो तुमच्या पायाशी चालला की पॅन्टच्या शिवणीपाशी खाऊ. मग पाच पावलं, मग दहा. बाहेर एकच नियम : पट्टा ताणला की जागेवर उभं राहायचं, बोलायचं नाही, मागे ओढायचं नाही. पट्टा ढिला पडला की लगेच चालायचं. पहिल्या दिवशी शंभर मीटरला पंधरा मिनिटं लागतील. पाहणाऱ्यांना वाटेल तुम्ही रस्ता विसरलात. लागू द्या. घाईच्या दिवशी हा धडा घेऊ नका, त्या दिवशी वेगळा पट्टा किंवा पाठीवरची कडी वापरा, म्हणजे कोणता नियम कधी लागू आहे हे त्याला कळतं. आणि घरातल्या एकानेही ओढू दिलं तर सगळी मेहनत पाण्यात जाते. कधीतरी मिळणारं फळ कुत्रा सगळ्यात चिवटपणे मागत राहतो.

वय पासष्टच्या पुढे असेल, हाडं ठिसूळ असतील तर हा विषय गंभीर आहे. कुत्रा पट्ट्याने फिरवताना हाडं मोडलेल्या अमेरिकेतल्या या वयाच्या लोकांची संख्या २००४ ते २०१७ या काळात दुपटीहून जास्त वाढल्याचं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. सगळ्यात धोक्याचं मोडणं खुब्याचं. कुत्रा शिकेपर्यंत फिरवण्याचं काम घरातल्या तरुणाकडे द्या, तुम्ही बरोबर मोकळ्या हाताने चाला. तुमचा खांदा दोन आठवड्यांत शांत झाला नाही, किंवा हात डोक्यावर नेताना कळ येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : मी चार किलो उतरलो, कुत्रा दोन किलो चढला! रस्ता तोच, वेळ तीच.

उत्तर : अभिनंदन अर्धंच करतो. तुमच्या फेरीत त्याने काय खर्च केलं ते पाहू. कुत्रा चालताना ढोबळमानाने दर किलोमीटरला दर किलो वजनामागे एक कॅलरी खर्च करतो. दहा किलोचा कुत्रा दोन किलोमीटर चालला तर वीस कॅलरी. घरी आल्यावर ‘दमला बिचारा’ म्हणून दिलेल्या एका गोड बिस्किटात तीस-चाळीस सहज असतात. फेरी मारून तो नफ्यात आला.

नसबंदी झालेल्या दहा किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला सुमारे ६०० कॅलरी पुरतात. वरखाऊ त्याच्या दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे ६० कॅलरी. हा आकडा घरात माणसं किती यावर वाढत नाही, आणि गडबड नेमकी इथेच होते. प्रत्येक जण एकच तुकडा देतो, कुत्रा प्रत्येकाकडे वेगळा जाऊन बसतो आणि आधी काही मिळालंय असं चेहऱ्यावर दिसू देत नाही. उपाय डब्याचा आहे. सकाळी त्याच्या दिवसभराच्या खाण्यातले मूठभर दाणे एका डब्यात काढा. शिकवण्याचा, लाडाचा, औषध लपवण्याचा खाऊ त्या डब्यातूनच. डबा रिकामा झाला की दिवस संपला. जेवण वाटीने न मोजता वजनकाट्यावर मोजा, वाटी कोण किती दाबून भरतं त्यावर बराच फरक पडतो.

लॅब्राडोर असेल तर त्याची बाजूही ऐकून घ्या. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना सुमारे एक चतुर्थांश लॅब्राडोरांमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकात तुटलेला भाग आढळला. ज्यांच्यात तो असतो त्यांना खाण्याची ओढ जास्त असते. तो नाटक करत नसतो, त्याला खरंच खावंसं वाटतं. म्हणून शिक्षा नको, झाकणं घट्ट हवीत.

लठ्ठपणा तपासायला आरसा नको, आपला हात पुरतो. हात सपाट धरा, पालथ्या बाजूला बोटांच्या मुळाशी दुसऱ्या हाताची बोटं फिरवा : निरोगी कुत्र्याच्या बरगड्या हाताला अशा लागतात. मूठ वळून वरच्या हाडांवरून फिरवा : असं लागलं तर तो रोड आहे. हात उलटा करून तळव्याच्या मांसल भागावरून फिरवा : असं लागलं तर वजन उतरवायचं आहे. वरून पाहिल्यावर बरगड्यांमागे कंबर दिसायला हवी. खाणं चांगलं कमी करूनही महिना-दीड महिन्यात फरक दिसला नाही तर पशुवैद्याकडे थायरॉइड तपासून घ्या.

प्रश्न : घरी चटई टाकून व्यायाम सुरू केला की कुत्रा तोंड चाटतो, पोटावर बसतो, प्लँक करताना खालून बोगदा काढतो.

उत्तर : एरवी त्याच्या आवाक्याबाहेर असलेला तुमचा चेहरा अचानक त्याच्या उंचीवर आला आहे. त्यात भर आसनांची. अधोमुख श्वानासनाला हे नाव उगीच नाही : डोकं खाली, कंबर वर. कुत्रा दुसऱ्या कुत्र्याला खेळायला बोलावतो तेव्हा पुढचे कोपर जमिनीला टेकून मागचा भाग वर करतो. तुम्ही त्याच्यासमोर त्याच्याच भाषेत ‘ये खेळू’ म्हणताय. त्याला हाताने दूर ढकलणं हाही त्याला खेळच वाटतो.

व्यायाम फिरून आल्यानंतर ठेवा. तुमच्यापासून दोन मीटरवर त्याची स्वतःची चटई टाका, आणि दहा-पंधरा मिनिटं पुरेल अशी चघळायची वस्तू फक्त याच वेळी द्या. आठवडाभर सराव असा : तुम्ही उभे, तो चटईवर पाच सेकंद, खाऊ त्याच्या पुढच्या पायांमध्ये ठेवायचा. मग तुम्ही बसा. मग आडवे व्हा. तो उठला तर तुम्ही उभे राहा, काही न बोलता पुन्हा चटईपासून सुरुवात. आडवं होण्याची पायरी सगळ्यात अवघड, तिला तीन-चार दिवस द्या. डंबेल किंवा कोणतंही वजन हातात असेल तेव्हा मात्र प्रशिक्षणावर विसंबू नका, दार लावा. निसटलेलं पाच किलोचं वजन पंजावर पडलं तर हाडं चुरतात.

प्रश्न : चेंडू मीच टाकतो आणि मीच आणतो. तो चेंडू तोंडात धरून लांब उभा राहतो, मी धावलो की पळतो.

उत्तर : तुमचा व्यायाम उत्तम चालला आहे, फक्त खेळाचे नियम त्याने ठरवले आहेत. पाठलाग करवून घेणं हा कुत्र्यासाठी चेंडूपेक्षा मोठा खेळ. म्हणून दिशा उलटी करा. एकसारखे दोन चेंडू घ्या. पहिला पाच-सहा मीटरवर टाका. त्याने उचलताच तुम्ही त्याच्याकडे पाठ करून दुसरा चेंडू दाखवत पळा, दहा-बारा मोठी पावलं. तो मागे येईल, पहिला टाकेल, त्या क्षणी दुसरा विरुद्ध दिशेला. तोंडातून ओढून काढू नका, ओढलं की तो अधिक घट्ट धरतो. सुरुवात घरातल्या अरुंद बोळात केलीत तर त्याला बाजूला पळायला जागाच उरत नाही.

आठ-दहा वेळा टाकलंत तर तुमच्या तितक्याच छोट्या धावा होतात, आणि त्या खऱ्या दमवतात. त्याच्यासाठीही एवढंच पुरे. शंभर वेळा चेंडू टाकण्यात कुत्र्याच्या खांद्यांची, गुडघ्यांची नासाडी होते. भरधाव पळून एकदम वळणं आणि हवेत उडी घेऊन पाठीला पीळ पडणं, ही त्याची कारणं. चेंडू उंच न फेकता जमिनीलगत घरंगळवा, आधी पाच मिनिटं चालवून अंग गरम करा. चेंडू सुळ्यांच्या मागे जाणार नाही इतका मोठा हवा, घशात अडकलेला चेंडू काही मिनिटांत जीव घेतो. टेनिसच्या चेंडूची लव वाळू धरते आणि दात झिजवते, गुळगुळीत रबरी चेंडू बरा. काठी कधीच नको : ती जमिनीत रुतते आणि पळत आलेल्या कुत्र्याच्या टाळ्यात घुसते.

प्रश्न : मुसळधार पावसात छत्री धरून मी उभी आणि हा दहा मिनिटं गोल गोल फिरतो. शी करायला एवढी तयारी कशाला?

उत्तर : फिरण्याने आतडी हलतात, पायाखालची जागा तपासली जाते, आजूबाजूला कोणी आहे का तेही पाहिलं जातं. शिवाय आणखी एक गंमत आहे. २०१३ मध्ये चेक आणि जर्मन संशोधकांनी ३७ जातींच्या ७० कुत्र्यांच्या १,८९३ ‘बैठका’ नोंदवल्या. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असताना कुत्रे अंग उत्तर-दक्षिण ठेवून बसणं पसंत करतात, असं त्यांना दिसलं. या कामाला २०१४ मध्ये इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार पारितोषिक, मिळालं. पावसात होकायंत्र काढायची गरज नाही, पण रोजच्या एकाच जागी, एकाच दिशेने नेऊन पाहा. ओळखीच्या जागी कुत्रे लवकर उरकतात. उरकल्यावर लगेच घरी वळू नका, दोन मिनिटं फिरवा. नाहीतर शी झाली की मजा संपते हे लक्षात येऊन तो उद्या वीस मिनिटं लावेल.

आणि उभं राहणं वाया जात नाही. इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या लोकांवर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कुत्रा फिरवणारी माणसं सगळ्यात वाईट हवेच्या दिवशीही, कुत्रा नसलेल्यांच्या सगळ्यात छान दिवसापेक्षा जास्त हालचाल करत होती. पिशवीने उचलताना कमरेतून वाकू नका : एक पाय पुढे, पाठ सरळ, गुडघ्यातून खाली.

प्रश्न : अर्ध्या रस्त्यात ठाण मांडून बसतो. ढिम्म हलत नाही. १८ किलोचा ऐवज उचलून आणावा लागतो.

उत्तर : आधी कारण शोधा. घराकडे तोंड केल्यावर टुणकन उठून चालला तर पुढे कशाची तरी भीती आहे. घराकडे येतानाच बसत असेल तर फेरी संपायला नको आहे. दोन्हीकडे बसत असेल तर पंजात काटा, वाढलेली नखं, काखेत घासणारा हार्नेस, सांधे किंवा ऊन. रस्त्यावर हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसत नाही. कुत्र्याला घाम जवळजवळ फक्त पंजातून येतो, अंग तो धापांनी गार करतो. जीभ रुंद होऊन लोंबते, लाळ घट्ट होते, चाल अडखळते, तेव्हा हट्ट संपून उष्माघात सुरू झालेला असतो : सावली, अंगावर गार पाणी, वारा आणि थेट पशुवैद्य.

घरी यायचं नाही म्हणून बसत असेल तर घरी आल्या आल्या जमिनीवर दाणे विखरून शोधायला लावा, दहा-बारा दिवसांत परतीचा वेग वाढतो. उचलावंच लागलं तर बसून एक हात छातीभोवती पुढून, दुसरा मांड्यांच्या मागून, त्याला अंगाशी घट्ट धरून पायांच्या जोरावर उठा. पुढच्या पायांना धरून किंवा नुसतं पोटाखाली हात घालून नको. आठवड्यातून दोनदा करायच्या ताकदीच्या व्यायामात हे धरू नका, कारण तो कुठल्या दिवशी बसेल ते तुमच्या हातात नाही.

प्रश्न : रात्री नऊच्या सुमारास तो अचानक शेपूट आत घेऊन घरभर सुसाट पळतो. आम्हीही मागे पळतो. करू द्यावं?

उत्तर : द्या. साठलेली ऊर्जा अशी बाहेर पडते, दोन-चार मिनिटांत थांबतं, आणि पिल्लांमध्ये व तरुण कुत्र्यांमध्ये हे अगदी नेहमीचं आहे. अंघोळीनंतरही होतं. गुळगुळीत फरशीवर मागचे पाय फाकून गुडघ्याचा स्नायुबंध दुखावतो, म्हणून सरकणारी सतरंजी उचलून खाली रबर असलेलं पायपुसणं टाका, काचेचं टेबल भिंतीला लावा, जिन्याचं दार ओढून घ्या. पोटभर जेवणानंतर तासभर मात्र त्याला चेतवू नका, खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांमध्ये पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. पळायचंच असेल तर जेवणाआधी, आणि तुम्ही पुढे, तो मागे.